कॅमेरा नव्हता, मग आरमाराची लढाई पडद्यावर दाखवायची कशी?

१२ फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्रे यांचं आरमार उभं आहे. समोर ॲडमिरल वॉटसनची इंग्रजी जहाजं आहेत आणि जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख म्हणून रॉबर्ट क्लाइव्ह आलेला आहे. दुपारनंतर एक तोफगोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडतो. हे जहाज मुळात ईस्ट इंडिया कंपनीचंच, आंग्र्यांनी पकडून आणलेलं. ते पेटतं, त्याच्या शेजारची जहाजं पेटतात आणि बघता बघता सगळं आरमार जळून जातं. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडतो.

आता समजा, कुणाला या लढाईवर माहितीपटांची मालिका करायची आहे. काय दाखवणार? जळणाऱ्या आरमाराचा फोटो नाही, चित्रफीत नाही, कुणाचा आवाज नाही. मुंबईत पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. म्हणजे पानिपत, खडकी, १८५७चा उठाव, आपल्या इतिहासातली अशी सगळी मोठी युद्धं हलत्या चित्रांच्या आधीची आहेत. तरीसुद्धा आज मोबाइलवर त्यांचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि आपली मुलं शाळेच्या पुस्तकापेक्षा तेच जास्त बघतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारसा म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. म्हणजे यापुढे असे माहितीपट वाढणारच. ते बनतात कसे आणि बघताना काय तपासायचं, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत असायला हवं.

कागद उरला, पण कुणाचा?

जिथे फुटेज नसतं तिथे निर्माता आधी कागद शोधतो. विजयदुर्गच्या लढाईबद्दल इंग्रजी कागद भरपूर आहेत. वॉटसनच्या ताफ्यात एडवर्ड आइव्ह्ज नावाचा सर्जन होता. त्याने आपल्या प्रवासाचं पुस्तक १७७३ मध्ये छापलं, त्यात या मोहिमेचं वर्णन आहे. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने या लढाईचं तैलचित्र काढलं, ते लढाईनंतर सुमारे १५ वर्षांनी. चित्र सुंदर आहे. आग, धूर, शिडं, सगळं आहे. कुठल्याही निर्मात्याला मोह पडेल की हेच पडद्यावर घ्यावं, वर आइव्ह्जचं वर्णन भारदस्त आवाजात वाचावं आणि मोकळं व्हावं.

पण मग काय होतं बघा. चित्र इंग्रजांसाठी काढलेलं, वर्णन इंग्रजी जहाजावरचं. प्रेक्षक नकळत वॉटसनच्या डेकवर उभा राहून विजयदुर्ग बघायला लागतो. इंग्रजी कागदांत आंग्रे म्हणजे 'चाचा', समुद्री लुटारू. इकडे बघाल तर आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा, ही त्यांची मागणी होती. स्वतः पोर्तुगीजही आपल्या 'कार्ताझ'ची सक्ती करतच होते. एकाने केलं तर कर आणि दुसऱ्याने केलं तर लूट, हा फरक कागद लिहिणाऱ्याचा असतो.

त्यात आणखी एक गोष्ट. या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं होतं. किल्ला पडल्यावर इंग्रजांनी आतली लूट आपसात वाटून घेतली आणि पेशव्यांच्या हाती काही लागू दिलं नाही. म्हणजे 'आपले विरुद्ध परके' अशी सरळ मांडणी इथे बसतच नाही. चांगला माहितीपट ही गुंतागुंत सांगतो. वाईट माहितीपट ती कापून टाकतो, कारण तलवारबाजी दाखवायला सोपी आणि तह दाखवायला अवघड.

एक किनारा, पाच भाषा

आपल्या किनाऱ्याचं नशीब असं की त्याच्यावर नजर ठेवणारे पुष्कळ होते. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. राजापूरला इंग्रजांची वखार. खाली गोव्यात पोर्तुगीज. आणि घरचे कागद मोडीत आणि फारसीत. एकाच घटनेवर पाच भाषांत कुणी ना कुणी काही तरी लिहून ठेवलेलं असू शकतं. इंग्रजांची पत्रं निवडून 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' हा संग्रह पुण्यातून १९३१ मध्ये निघाला. गोव्याच्या दफ्तरातले मराठ्यांविषयीचे पोर्तुगीज कागद पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर खपून बाहेर आणले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातून ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फारसी साहित्य' खंडाखंडांनी प्रसिद्ध केलं.

या कागदांचा पडद्यावर काय उपयोग? एक उदाहरण घेऊ. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज इथून समुद्रमार्गे बसरूरच्या स्वारीवर गेले. बरोबर जहाजं किती होती? इंग्रजांच्या पत्रव्यवहारात ८५ लहान लढाऊ गलबतं आणि ३ मोठी जहाजं असा आकडा येतो. बखरींत महाराजांच्या आरमाराचे आकडे शेकड्यांनी मोठे होत जातात. कॉम्प्युटरवर चित्र बनवणाऱ्याला ८८ काय आणि ८०० काय, एक बटण दाबायचा फरक. पण प्रेक्षकाच्या मनात ते चित्र कायमचं बसतं. म्हणून जबाबदार निर्माता निवेदनातच सांगतो की हा आकडा अमुक पत्रातला आहे, तमुक बखरीत वेगळा आहे. दहा सेकंदांचं काम आहे. तेवढ्याने बघणाऱ्याला कळतं की इतिहास हा तपासून घ्यायचा असतो.

आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं की कुठलीही रिवायत ऐकली की आधी विचारायचं, रावी कोण? त्याने कुणाकडून ऐकलं? तो तिथे होता का? माहितीपट बघतानाही नेमके हेच प्रश्न विचारायचे आहेत.

दर्यावरची माणसं कोण होती?

हा मुद्दा आपल्या घरांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. लढाईचे फोटो नाहीत, म्हणजे माणसांचे चेहरेही नाहीत. मग चेहरे, कपडे, दाढी, फेटा, झेंड्याचा रंग, सगळं निर्माता ठरवतो. साधारण काय ठरवलं जातं, ते आपण सगळे बघतो. एका बाजूला भगवा उजेड, दुसऱ्या बाजूला हिरवा अंधार, डोळ्यांत सुरमा आणि हातात मटणाची तंगडी. आठवीतल्या मुलाने हे बघितलं की त्याला वाटतं, या गोष्टीत आपली जागा ठरलेली आहे. वर्गातली बाकीची मुलंही त्याच्याकडे तसंच बघायला लागतात. शाळेत शिकवताना हे मी पुन्हा पुन्हा बघते.

आता कागद काय म्हणतो ते बघू. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. तिच्यात आरमाराच्या सुभेदारांमध्ये दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक हा भंडारी, अशी दोघांची नोंद आहे. पुढे दौलतखान हा आरमाराचा प्रमुख म्हणून इंग्रजांच्या पत्रांत वारंवार भेटतो. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी तो अडवायचा प्रयत्न केला. बेटावर मायनाक भंडारी होता आणि त्याला रसद पोचवणारं आरमार दौलतखानाचं होतं. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. इंग्रजांच्या मदतीला मोगलांच्या बाजूने आला होता जंजिऱ्याचा सिद्दी कासम. म्हणजे दौलतखान इकडे आणि सिद्दी कासम तिकडे. दोघेही मुसलमान, दोघेही दर्याचे जाणकार आणि दोघेही आपापल्या धन्याशी इमान राखून लढले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. शेजारची उंदेरी सिद्दीने घेतली.

ही लढाई नीट दाखवली तर हिरव्या-भगव्याची सगळी रंगरंगोटी आपोआप गळून पडते. त्यासाठी कुणाला भाषण द्यायची गरज नाही.

आपल्या भाषेतही याचा पुरावा आहे. मराठीतला 'नाखवा' फारसी नाखुदावरून आला. 'खलाशी' अरबीतून आला. 'गुराब' म्हणजे अरबीत कावळा, त्यावरून लढाऊ जहाजाचं नाव पडलं. 'गोलंदाज' फारसी, 'तोफ' तुर्की आणि खुद्द 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आला. गाबीत, भंडारी, खारवी, कोळी, दालदी या सगळ्यांनी मिळून हे पाणी कापलं, तेव्हा ही बोली तयार झाली. एखाद्या मालिकेत खलाशाच्या तोंडी शुद्ध पुस्तकी मराठी घातली असेल, तर ती मालिका दर्यावर कधी गेलेली नाही असं समजा.

पण हाच काटा आपल्या बाजूलाही लावायला हवा. शिवाजी महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते, अमुक इतके सरदार होते, अशा याद्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतात. खाली कागदाचा उल्लेख नसतो. दर्यासारंग आणि दौलतखान यांच्यासाठी समकालीन किंवा जवळचा कागद दाखवता येतो. ज्या नावासाठी तो दाखवता येत नाही ते नाव पुढे पाठवू नये. एक खोटं नाव पकडलं गेलं की लोक खऱ्या दोन नावांवरही शंका घेतात.

जगात काय उपाय काढले?

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तेव्हा फोटो होते पण हलती चित्रं नव्हती. केन बर्न्स यांनी त्यावर १९९० मध्ये 'द सिव्हिल वॉर' ही नऊ भागांची मालिका केली. जुन्या फोटोवरून कॅमेरा हळूहळू फिरवायचा, मागे त्या सैनिकाचं घरी लिहिलेलं पत्र वाचायचं, मध्ये आजच्या रणभूमीवरची पहाट दाखवायची. बस, एवढंच. लोक टीव्हीसमोर खिळून राहिले. नंतर त्यांनीच अमेरिकन क्रांतीवर मालिका केली, ती २०२५ मध्ये आली. त्या युद्धाचे तर फोटोही नाहीत. तिथे नकाशे, जुनी चित्रं, पत्रं आणि जुन्या वेषातली माणसं वापरली, पण त्यांच्या चेहऱ्यावर फारसा कॅमेरा रोखला नाही. कुणा नटाचा चेहरा इतिहासातल्या माणसाला चिकटू नये, हा त्याचा फायदा.

बीबीसीसाठी पीटर वॉटकिन्स यांनी १९६४ मध्ये 'कलोडन' केला. स्कॉटलंडमधली १७४६ ची ही लढाई. त्यांनी साधी, नट नसलेली माणसं घेतली आणि जणू टीव्हीचा वार्ताहर रणांगणावर पोचलाय अशा थाटात सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. १७४६ मध्ये टीव्ही नव्हता, हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणूनच त्यात फसवणूक नाही. नाटक आहे हे उघड आहे आणि उपाशी, थकलेला सैनिक मात्र खरा वाटतो.

आपल्याकडे १९८८ मध्ये दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' आली. ५३ भाग. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आणि औरंगजेबाची ओम पुरी यांनी. बहुतेक घरांत ती तेव्हा एकत्र बसून बघितली गेली. रोशन सेठ नेहरूंच्या वेषात मध्ये येऊन बोलायचे, त्यामुळे हे एका लेखकाचं सांगणं आहे याची आठवण सारखी राहायची.

आणखी एक रस्ता म्हणजे वस्तूच पुन्हा बनवून बघणं. 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिवलेल्या फळ्यांचं जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलं गेलं. त्याचा आराखडा कुठेच मिळाला नव्हता. केरळच्या कारागिरांनी फळ्या दोरीने शिवल्या, आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या नमुन्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या आणि मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात आलं. असं जहाज खऱ्या वाऱ्यात चालवलं की पुस्तकात नसलेल्या गोष्टी कळतात. वळायला किती वेळ लागतो, किती माणसं लागतात, उलट्या वाऱ्यात काय होतं. खांदेरीला मराठ्यांच्या छोट्या, वल्ह्यांच्या गलबतांनी मोठ्या इंग्रजी जहाजांना का दमवलं, हे समजायला मालवणातल्या जुन्या तांडेलाशी अर्धा तास बोलणं कुठल्याही ॲनिमेशनपेक्षा जास्त कामाचं आहे. भरती, ओहोटी, खडक, वारा. हे चार साक्षीदार १६७९ मध्ये होते आणि आजही हजर आहेत.

फोटो आहे म्हणून खरं?

कॅमेरा आला आणि खोटं संपलं, असंही झालं नाही. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर १८६३ मध्ये अलेक्झांडर गार्डनरच्या छायाचित्रकारांनी एका मृत सैनिकाला उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवलं आणि बंदूक शेजारी लावून फोटो काढला. शंभरेक वर्षांनी अभ्यासकांनी दोन फोटो शेजारी ठेवून ते पकडलं. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातली सांतियागोची समुद्री लढाई तर न्यूयॉर्कमध्ये पाण्यात कागदी जहाजं सोडून 'चित्रित' केली गेली. तोफांच्या धुरासाठी सिगारचा धूर सोडला. हे करणाऱ्यांपैकी एकानेच पुढे आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती खरी लढाई वाटली होती.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. कधी काळी इब्राहिम खान नावाच्या माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून प्रचलित होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदांतून खरं चित्र शोधून १९३३ मध्ये ते लोकांसमोर आणलं. चुकीचं चित्र किती सहज रूढ होतं आणि ते दुरुस्त करायला किती चिकाटी लागते, हे यातून दिसतं.

आता तर एआय आलं आहे. चार ओळी टाइप केल्या की विजयदुर्गची लढाई तयार. धूर, लाटा, ओरडणारे सैनिक, सगळं. सिगारच्या धुराचं ते तंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. एआय वापरूच नये असं मी म्हणत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात 'काल्पनिक दृश्य' एवढं लिहावं, इतकीच अपेक्षा आहे.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

मुलांबरोबर असा माहितीपट बघताना चार प्रश्न मोठ्याने विचारा. हे चित्र कुणी आणि कधी काढलं? हे वाक्य कुठल्या कागदातलं? हरलेल्या बाजूचं कुणी बोललं का? जे माहीत नाही ते 'माहीत नाही' असं सांगितलं का? पहिल्याच भागात मुलं स्वतः चुका काढायला लागतात.

दुसरं, आपली मुलं स्वतःही असं काही करू शकतात. मोबाइल आहे, किल्ला समोर आहे. विजयदुर्गचा बुरूज, वाघोटन खाडीत गिर्ये गावाजवळची आंग्र्यांच्या गोदीची जागा, वेंगुर्ल्याची वखार, भरतीच्या वेळी कुरटे बेटाभोवतीचं पाणी. दहा मिनिटांचा माहितीपट यातून सहज होतो. नट नकोत, नकली दाढ्या नकोत. एक नकाशा, एक पत्र, एक तांडेल आणि खरं बोलणारा एक आवाज पुरे.

तिसरं काम थोडं लांबचं आहे. उर्दू वाचणाऱ्या मुलाला फारसी कागदावरची अक्षरं ओळखीची असतात. शिकस्ता वळण वेगळं शिकावं लागतं, पण सुरुवात त्याची झालेली असते. त्यातच मराठी माध्यमामुळे त्याला मोडी शिकणंही सोपं जातं. दोन्ही वाचता येणारे लोक आज फार थोडे आहेत आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे ढीग अजून वाचायचे बाकी आहेत. काझी, खतीब, मुजावर घराण्यांच्या पेट्यांतही जुन्या सनदा असतात. त्या फडक्यातून काढून नीट फोटो घ्या, मूळ कागद सांभाळा आणि जाणकाराला दाखवा. लॅमिनेशन मात्र करू नका, त्याने जुना कागद खराब होतो आणि नंतर सोडवता येत नाही.

पडद्यावर आपल्याला चुकीचं दाखवतात, ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. तिला उत्तर द्यायला दौलतखानावरचं पुढचं पत्र वाचणारी मुलगी किंवा मुलगा आपल्याच घरातून निघायला हवा.